डान्स बार बंद झाला तेव्हा

बायको नातेवाइकांना सांगायची, "हे हॉटेलात ॲडमिनला आहेत." खोटं नव्हतं ते. दुबईत अल मनखूलमधल्या एका जुन्या हॉटेलात मी व्हिसाची कामं बघायचो. फक्त ज्यांचे व्हिसा मी काढायचो त्या बहुतेक मुली तळमजल्यावरच्या बारमध्ये नाचायच्या, एवढं ती सांगत नव्हती. रत्नागिरीहून अम्मा फोनवर विचारायची, "कमाई हलाल आहे ना रे?" मी म्हणायचो, "अगं, मी कागदांचं काम करतो."

आमच्याकडे कपडे उतरवण्याचा प्रकार नव्हता. मुली घागरे घालून स्टेजवर हिंदी गाण्यांवर नाचायच्या. एखादी आवडली की गिऱ्हाईक वेटरकरवी तिच्या गळ्यात कागदी फुलांचा हार घालायला लावायचं, आणि हाराची किंमत बिलात चढायची. महिन्याला ठरलेले हार झाले नाहीत तर मुलीला ऑफिसात बोलावलं जायचं. बोलावणारा मीच. मुलींनी एकटीदुकटीनं बाहेर जायचं नाही, व्हॅननं यायचं, व्हॅननं जायचं. पासपोर्ट माझ्या कपाटात. ते कायद्यात बसत नाही हे मला माहीत होतं, मुलींनाही माहीत होतं, पण एकीनंही कधी मागितला नाही आणि मीही आपणहून कुणाला दिला नाही.

कोरोनात बार बंद झाला. पुन्हा उघडला तेव्हा हॉल अर्धाही भरेना. दुकानदार, ट्रेडिंगवाले, इंडियातून कामासाठी येणारे कंपन्यांचे लोक ही आमची जुनी गिऱ्हाइकं. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. कुणी व्हिडिओ काढला आणि तो गावच्या ग्रुपवर गेला तर, म्हणून लोक बिचकायला लागले. पुष्कळांनी बायकामुलांना इकडे आणलं होतं. तरुण पोरं फोनवरच लाइव्ह नाच बघायची. आमच्यातल्या दोन मुलीसुद्धा परत जाऊन घरबसल्या लाइव्ह करायला लागल्या. मालकानं वर्षभर कळ काढली, मग एक दिवस म्हणाला, "खलास. फॅमिली रेस्टॉरंट करेंगे. बारसं, बर्थडे, सब यहीं."

स्टेज तोडायचं काम चालू होतं तेव्हा ती माझ्या ऑफिसात आली. सकाळचे अकरा वाजले होते. नाचणाऱ्या मुलींतली ती वयानं सगळ्यात मोठी, चौतिशीची. महाडजवळची. एका गुडघ्यात दुखणं होतं, म्हणून मागच्या रांगेत नाचायची. बाकीच्या मला 'सर' म्हणायच्या, ही 'भाई' म्हणायची, कारण आम्ही दोघं कोकणातले. साधा पंजाबी ड्रेस, केस बांधलेले. दिवसाउजेडी तिला मी नीट बघितलेलंच नव्हतं.

"भाई, किचनमध्ये काही असलं तर बघा ना," ती म्हणाली. "तांदळाची भाकरी मला चांगली येते. माशाचं कालवण येतं. भांडी घासायलासुद्धा माझी ना नाही."

मालकानं आदल्या आठवड्यातच मला सांगितलं होतं, भाकरीला घरगुती हाताची बाई शोध. जागा रिकामी होती.

मी म्हणालो, "नाही गं. जागा भरली."

ती "बरं," म्हणाली. परतीचं तिकीट मिळाल्याची सही घेऊन मी पासपोर्ट तिच्या हातात दिला. तिनं तो उघडून स्वतःचा फोटो बघितला आणि ती गेली.

नाही का म्हणालो? ओपनिंगला माझी बायको आणि मुलगी येणार होत्या. नंतरही शुक्रवारी जेवायला येणार. माझ्या घरच्यांना वाढायला मला ती नको होती. तिची लाज वाटत होती असं नव्हे. हार कमी पडले म्हणून मी ऑफिसात कसा बोलायचो, ते तिनं ऐकलेलं होतं. मला माझं तोंड तिच्यापासून लपवायचं होतं, आणि त्यापायी मी तिची रोजी घालवली. भाकरीला मग आम्ही एक दुसरीच बाई ठेवली.

या गोष्टीला काही वर्षं झाली. मुलगी आता कॉलेजला. गेल्या थंडीत तिला एका युनिव्हर्सिटीत सोडायचं होतं, आणि वाटेत दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये माझं काम होतं. तिथल्या एका मोठ्या किचनमधून कामगारांच्या कॅम्पना जेवण जातं. आमच्या हॉटेलातल्या पार्ट्यांसाठी तिथून चपात्या घ्यायचं चाललं होतं. "अल नहदाच्या घरून इतक्या लांब येऊन चपाती बघायची?" मुलगी कुरकुरली, पण आत आली.

चपातीच्या मशीनपाशी जाळीची टोपी घातलेली एक बाई चारपाच जणांवर देखरेख करत होती. तिनं मान वर केली आणि मी जागीच थांबलो. महाडची तीच ती.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. "अब्बा, डू यू नो हर?"

मी काही सांगायच्या आत ती बाईच म्हणाली, "नाही गं बाळा, साहेब पहिल्यांदाच आलेत."

"ओह, शी स्पीक्स मराठी!" मुलगी खूश झाली. त्या बाईनं मुलीला गरम चपाती गुंडाळून दिली, काय शिकतेस विचारलं, आर्किटेक्चर म्हणजे काय ते विचारलं. मुलगी चपाती खात गाडीकडे गेली. मी मागे राहिलो.

"तेव्हा जागा होती," मी म्हणालो.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "भाकरीसाठी बाई पाहिजे, असा कागद तुम्हीच खालच्या काचेवर लावला होता. तो वाचूनच वर आले होते."

मी विचारलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? पासपोर्ट तुमच्याकडे होता." तिच्या आवाजात राग नव्हता. गावी सात-आठ महिने काढले, भावजयीनं वेगळी चूल मांडायला लावली, मग एजंटला धरून किचनच्या व्हिसावर परत आले, असं तिनं भराभर सांगितलं. "जा तुम्ही. पोरगी उन्हात उभी आहे."

त्या दिवशी घरी बायकोला मी सगळं सांगितलं. बारचं तिला माहीत होतं. भाकरीच्या जागेचं माहीत नव्हतं. ती भाजी निवडायची थांबली. म्हणाली, "माझ्या नावावर केलंत तुम्ही हे. मी येणार म्हणून. मला एकदा विचारलं असतंत?" झोपताना म्हणाली, "फोन करा तिला. जेवायला बोलवा."

मी केला. ती म्हणाली, "येईन की भाई, इन्शाल्ला. सुट्टी मिळाली की." तोंडावर नाही म्हणायचं नसलं की आपण ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात.

अजून आलेली नाही. चपात्या तिथूनच येतात. मुलगी मैत्रिणींना त्या मराठी बाईबद्दल सांगते, आणि मी ऐकत बसतो. मुलीला मी अजून काही सांगितलेलं नाही.