चिंचिलावाले काकाजी

काकाजींना उन्हाळा मान्य नव्हता. मे महिन्यात चंद्रपुरात डांबर चपलेला चिकटायचं, कावळे चोच उघडी टाकून बसायचे, आणि आमचे काकाजी भर दुपारी उघड्या डोक्यानं बाजारात निघायचे. डोक्याला दुपट्टा बांधा म्हटलं की विचारायचे, "काऊन? लगन आहे का कोणाचं?" त्यांची उभी हयात कोळशाच्या खाणीत गेलेली. खालची गरमी पाहिलेल्या माणसाला वरचं ऊन म्हणजे चांदणं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून घरात कूलर नव्हता. काकू लग्नापासून मागत होत्या. "यंदाचा उन्हाळा जाऊ दे," असं ते दर वर्षी सांगायचे, आणि उन्हाळा आपोआप जायचाच.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो आणि त्यांच्याच घरातल्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचो. काकाजींना मूलबाळ नव्हतं. खाणीतून रिटायर झाल्यावर ते एका बंगल्याच्या बागेची देखभाल करायचे. तिथं मशिनरी बसवायला आलेला एक परदेशी इंजिनीअर राहत होता. त्याचं काम संपलं, तेव्हा काकाजी मला दुभाष्या म्हणून बंगल्यावर घेऊन गेले. साहेबाला त्याचं पाळलेलं जनावर परत नेता येत नव्हतं. टेबलावर पिंजरा होता आणि पिंजऱ्यात एक राखाडी गोळा. सशाचे कान, खारीची शेपटी, आणि अंगावर असे दाट मऊ केस की बघूनच मला घाम फुटला. "चिंचिला," साहेब म्हणाला.

तो सांगत गेला, मी मराठीत आणत गेलो. हे जनावर दक्षिण अमेरिकेतल्या थंड डोंगरावरचं. मादी आहे. तिला ओलं करायचं नाही, पाण्याऐवजी बारीक धुळीची अंघोळ घालायची. खायला सुकं गवत, लाडानं एखादा मनुका. आणि खोली थंड पाहिजे. काकाजींनी विचारलं, "किती थंड?" मी साहेबाला विचारून सांगितलं, "आपल्या डिसेंबरसारखी. बारा महिने."

काकाजी म्हणाले, "जमते."

त्याच संध्याकाळी सायकल-रिक्षातून कूलर आला. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मग कूलर मागच्या खोलीच्या खिडकीत बसला आणि शेजारी पिंजरा गेला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आपली खाट उचलून त्यांनी मागच्या खोलीत नेली. काकाजी म्हणाले, "अवं, तिले माणसाची सवय नाई." काकू म्हणाल्या, "मले कूलरची नाई. दोघी शिकू."

नावामुळे गल्लीत बराच घोळ झाला. चिंचिला म्हणजे चिंच खाणारी, असं सगळ्यांनी धरून घेतलं. बायका ओच्यातून चिंचा आणायच्या आणि काकाजी दारातच त्या परत करायचे. "चिंच नाई चालत तिले. परदेशातली आहे." मग एकीनं बिस्किटं आणली. "बिस्कीट परदेशातलंच नाई का जी?" तिनं विचारलं. ते बिस्कीट काकाजींनी स्वतः खाल्लं.

खरी अडचण अंघोळीची. साहेबानं दिलेला धुळीचा डबा संपला. काकाजींनी इरई नदीची रेती आणली, ती जाड निघाली. मग कणीक वापरून पाहिली. पिंजऱ्यात लाटायला घेतलेली पोळी शिंकत बसली आहे असं दिसू लागलं. शेवटी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी गावाबाहेरच्या औष्णिक वीजकेंद्राची राख त्यांनी चिमटीत धरून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. काकूंच्या जुन्या नऊवारीतून त्यांनी ती चाळली. चिंचिला परातीत अशी लोळली की आम्हाला परातच दिसेना. "सारं गाव राख झटकून राह्यलं," काकू म्हणाल्या, "अन् आमच्या इथी राख चाळून ठेवतात."

काकूंचा भाऊ अहेरीला जंगलखात्यात गार्ड होता. परदेशी जनावराची बातमी त्याच्यापर्यंत पोचली, तेव्हा तो वर्दीतच आला. पिंजऱ्यासमोर उकिडवा बसून त्यानं बराच वेळ पाहिलं. पंजाच्या ठशावरून वाघाची तब्येत सांगणारा माणूस, पण इथं त्याचं काही चालेना. अखेर उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "भाऊजी, हे आपल्या जंगलातलं नाई. म्हणजे माह्या डिपार्टमेंटचं नाई. पाळा." काकाजी एवढे खूश झाले की त्याला दोन दिवस जाऊ दिलं नाही. तोही मागच्या खोलीतच झोपला.

पुढच्या मे महिन्यात गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सकाळी कूलर बंद पडला आणि दुपारपर्यंत चिंचिला आडवी झाली. कान लालभडक, श्वास भरभर. काकाजींनी पिंजरा कोरड्या गोधडीत गुंडाळून सायकलला बांधला. मी मागून धावत होतो. ते थेट बर्फाच्या कारखान्यात शिरले.

"उंदीर बर्फात ठेवू?" बर्फवाले शेठ ओरडले. "लोकं शरबत पितात जी त्याचं!"

"उंदीर नाई जी," काकाजी हात जोडून म्हणाले. "पाहुणी आहे. मरून राह्यली."

मी त्यांना कोणापुढे हात जोडताना पहिल्यांदाच पाहत होतो. शेठही पहिल्यांदाच पाहत असावेत. त्यांनी बर्फाच्या लाद्या भुशात ठेवायची खोली उघडून दिली. हळूहळू चिंचिलानं मान उचलली, मग एक मिशी हलवली, मग भुसा कुरतडू लागली. पण काकाजींना चैन नव्हतं. बर्फाच्या खोलीत बसायचे, उठून उन्हातून गल्लीपर्यंत जायचे, वीज आली का पाहायचे, परत बर्फात. संध्याकाळी वीज आली तेव्हा चिंचिला उड्या मारत होती आणि काकाजी कारखान्याच्या दारात कोसळले होते.

सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. काकाजींनी डोळे न उघडता सांगितलं, "ऊन नाई लागलं. बर्फ लागला."

काकू उशाशी बसून त्यांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होत्या. त्यांनी पट्टी बदलली, हात कपाळावरच राहू दिला. "अजी, ऐकून घ्या," त्या म्हणाल्या. "या गावात एक त तुम्ही राहान, नाई त ती चिंचिला राहीन. मले दोघंही पायजेत. थंड हवेच्या गावाले चला."

काकाजी कधी नागपूरच्या पुढे गेले नव्हते. बरे झाले आणि महिन्याभरात त्यांनी चिखलदऱ्याला दोन खोल्या पाहिल्या. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा सारी गल्ली जमली. काकाजी मागे गाद्यांवर बसले होते. पुढे ड्रायव्हरशेजारी काकू चढल्या आणि मला म्हणाल्या, "सर, तो पिंजरा माह्या मांडीवर द्या." तोवर त्यांनी त्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

दोनेक वर्षांनी कॉलेजची सहल घेऊन मी चिखलदऱ्याला गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. 'उंदीरवाले' म्हटल्यावर लोकांनी हात धरून आणलं. काकाजी स्वेटर घालून अंगणात बसले होते. चिंचिला आदल्या थंडीत गेली होती. सकाळी उठवायला गेले तर उठली नाही. म्हातारी झाली होती, दुसरं काही नाही. घराच्या मागे तिला पुरलं होतं, आणि त्या जागेभोवती काकाजींनी दगड रचले होते.

"मग आता चंद्रपूरला परत?" मी विचारलं.

काकू चहा घेऊन आल्या. समोरच्या दरीत ढग उतरत होते आणि त्या तिकडेच बघत उभ्या राहिल्या. गालांवर चांगलं तेज आलं होतं.

"कायले जी?" त्या म्हणाल्या. "लोकांची लेकरं मायबापाले कुठी कुठी फिरवतात. आमच्या नशिबात ते नव्हतं. आम्हाले हिनं आणलं."

काकाजींनी कप माझ्याकडे सरकवला. "घ्या सर. इथी चहा लवकर थंड होते."