किडकी वांगी

जीपमध्ये दोघा भावांना आडवं घातलं तेव्हा दोघांच्याही तोंडातून फेस येत होता. कपाशीवर औषध फवारून आले होते, माझा नवरा आणि माझा दीर. सुमन, आपण दोघी जावा त्यांच्या पायाशी बसलो होतो. मी घराला कडीसुद्धा घातली नव्हती. त्या घरी मी पुन्हा राहायला आले नाही.

दवाखान्यातून मुलानं आम्हाला थेट इकडं चाकणजवळ कुरुळीला आणलं. तो कंपनीत, सून कंपनीत, शिफ्टा उलट्यापालट्या. हे खोलीत बसून. भाजीचं ताट पुढं आलं की वास घ्यायचे आणि सरकवायचे. "औषध मारलंय." कोरडी भाकरी खायची, वर पाणी. सून म्हणायची, "आई, तीनदा धुतलीय हो!" माणूस वाळत चालला होता.

मग बाळूचं शेत कळलं. तो इथलाच. औषध मारत नाही, जमीन नांगरत नाही, उसाचं पाचट अंथरून ठेवतो, वांग्यांत झेंडू, मुळा, वाटेल ते लावतो. मला वाटलं, आळशी दिसतोय. असं तण आपल्या रानात असतं तर सासूबाई म्हणाल्या असत्या, "हात झडले का गं?" पण पाचट बाजूला केलं तर खाली गांडुळंच गांडुळं. तिथली वांगी केली. यांनी वास घेतला आणि जेवले. मी दुसरी भाकरी टाकली.

तेव्हापासून सून मोबाईलवर मागणी नोंदवते आणि मी शेतावर जाऊन भाजी आणते.

यंदा वांगी किडली. चाकणच्या सोसायटीतली एक बाई गाडीतून उतरली, वांगं मोडून म्हणाली, "दादा, यात भाजी कुठली? अळ्याच आहेत!" बाकीचेही रिकाम्या पिशव्या घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी बाळू शेजाऱ्याचा फवारणीचा पंप घेऊन उभा.

"आजी, एकच हात मारतो. न्हाईतर गिऱ्हाईक तुटतंय."

"तोंडाला काय बांधणार?"

"रुमाल हाय की."

"आमच्या दोघांनीही रुमालच बांधले होते."

तो पंप परत देऊन आला आणि वांग्याची झाडं उपटायला लागला. तुटलेली गिऱ्हाइकं काही सगळी परत आली नाहीत. आम्ही त्या महिन्यात मुळा आणि पालकच खाल्ला.

तू फोनवर विचारतेस, घरी कधी येणार. येणार नाही. हे जिथं ताटाचा वास न घेता जेवतात, ते माझं घर. तुला राग येईल, येऊ दे. त्या जीपमधून आपण दोघींनी आपापला नवरा नेला. माझा जगला. तुझा नाही.