पन्नासावी काडी

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, ओमती भागात, पोलीस ठाण्याच्या पलीकडे एक रद्दीवाला बसायचा. छावणीतल्या साहेबलोकांची, रेल्वेतून बदली होऊन गेलेल्यांची पुस्तकं त्याच्याकडे पोत्यांनी यायची. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, कॉलेजात जात होते आणि मला पोकर शिकवणारं पुस्तक हवं होतं. हे सांगताना खरं तर हसू यायला हवं. येत नाही.

रद्दीवाल्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दीदी, ताश की किताब? जुआ खेलोगी?"

"पिताजी के साथ खेलती हूँ," मी ठसक्यात म्हटलं. त्याने कानाला हात लावला, पण पुस्तकं काढली.

दोन निघाली. एक जाडजूड, पुठ्ठा सुटलेलं, आत नुसती कोष्टकं. कुठले पत्ते हातात आले तर पुढे काय यायची शक्यता किती, याचे हिशेब. उभ्या उभ्या चाळलं तर पानोपानी एकच सांगणं, की बहुतेक वेळा पत्ते खाली टाकायचे आणि वाट पाहायची. असलं ज्ञान आई मला फुकट देत होती. दुसरं पातळ, लाल कव्हराचं. त्यात युक्त्या होत्या. समोरच्याला कसं फसवावं, त्याची सवय कशी ओळखावी, आपल्याजवळ काय आहे ते कसं कळू देऊ नये. मी पातळ घेतलं. मला पोकर कळायला नकोच होतं. मला बाबांना एकदा हरवायचं होतं, बस.

बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तोफगोळ्याचा स्फोट घडवणारा भरलेला फ्यूज शेवटचा त्यांच्या हाताखालून जायचा. त्यांनी तपासून आपला शिक्का मारल्याशिवाय पेटी हलत नसे. त्या शिक्क्यावर त्यांचा एक आकडा होता, नाव नव्हतं, पण त्या आकड्याचा त्यांना आमच्या आडनावापेक्षा जास्त अभिमान होता. पोकर ते मागच्या मोठ्या लढाईत शिकले होते, नवीन लागले तेव्हा, एका गोऱ्या फोरमनकडून, जेवणाच्या सुट्टीत. सेक्शनमधल्या कामाबद्दल घरी चकार शब्द काढायचा नाही असा नियम होता, त्यामुळे कारखान्यातून घरी आणण्यासारखी त्यांच्याजवळ ही एकच गोष्ट होती. ती त्यांनी मला दिली. रविवारी दुपारी ते खाटेवर, मी खुर्चीवर, मध्ये लोखंडी ट्रंक, आणि पैशांच्या जागी चिंचोके. मी आठ वर्षं त्यांच्याशी खेळले आणि आठही वर्षं हरले.

आमच्या घरात काडेपेटी स्वयंपाकघराबाहेर येत नसे. बाबांच्या सेक्शनच्या फाटकावर झडती होई आणि काडी सापडणं म्हणजे सगळ्यात मोठा गुन्हा. त्यामुळे बाबांनी काडीला हात लावायचंच सोडलं होतं. स्टोव्ह आई पेटवी, देवापुढचा दिवा आई लावी, आई माहेरी गेली तर शेजारच्या काकू येऊन पेटवून जात. कॉलनीत अशी कितीतरी घरं होती, कुणाला त्यात नवल वाटत नसे.

मी पातळ पुस्तकाचा अभ्यास केला तसा अभ्यास कॉलेजचा केला असता तर पहिली आले असते. शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावली, वहीत उतरवून काढली. त्यात लिहिलं होतं की चेहऱ्याकडे पाहू नका, चेहरा सगळेच सांभाळतात, हातांकडे पाहा. मी तीन रविवार हरत हरत बाबांच्या हातांकडे पाहिलं आणि मला सापडलं. हातात काही नसताना, नुसती थाप मारत असताना बाबा उजव्या हाताच्या अंगठ्याने करंगळीचं नख चोळत. अगदी हळू. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते.

मग पुस्तकातल्या चित्रात पाहिलं की खेळणाऱ्यांसमोर एकसारख्या चकत्यांच्या चळती असतात. आमचे चिंचोके लहानमोठे, घरंगळणारे. मी स्वयंपाकघरातून एक काडेपेटी आणली. दोघांत पंचवीस-पंचवीस.

बाबा दचकले. "काड्या काहून? चिंचोके काय वाईट आहेत?"

"पुस्तकात असंच आहे, बाबा. सगळं एका मापाचं पाहिजे."

"आमच्यात काडी म्हणजे साप समजतात, बेटा."

"पण आपण घरी खेळून राहिलो ना!"

त्यांनी काड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "चलो, ठीक आहे. पण खेळ संपला की मी सोता मोजीन. पन्नास म्हणजे पन्नास." आणि दर रविवारी ते मोजत, बोट न लावता, पेन्सिलीच्या टोकाने एकेक काडी सरकवत. आई स्वयंपाकघरातून हसायची.

ते एकाहत्तरचं साल. लढाई अजून जाहीर व्हायची होती, पण आमच्या कॉलनीत ती केव्हाच सुरू झाली होती. ओव्हरटाइम वाढला, रजा बंद झाल्या, बाबा घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला. तीन आठवड्यांनी एक रविवार अर्धा मोकळा मिळाला. आईने सकाळी त्यांचा खाकी शर्ट इस्त्री करून माझ्या खुर्चीच्या पाठीला अडकवला होता, दुसऱ्या दिवसासाठी. बाबा अंगात घालायचा शर्ट रोज खिसे उलटून पाहून मगच घालत. नुकत्याच इस्त्री केलेल्याचे मात्र पाहत नसत, तो आईने धुण्याआधीच रिकामा केलेला असे.

त्या दिवशी मला पुस्तकातली शेवटची युक्ती करायची होती. आपल्याजवळ किती उरलंय ते समोरच्याला कळू देऊ नये. बाबा पाणी प्यायला उठले तशी मी पाच काड्या उचलल्या. लपवायच्या कुठे? साडीला खिसा नसतो. मागे हात नेला आणि शर्टाच्या खिशात टाकल्या.

शेवटच्या डावात माझ्या हातात काहीच नव्हतं. एक राणी, बाकी कचरा. बाबांनी लावल्या, मी लावल्या, त्यांनी वाढवल्या. माझ्यासमोरच्या संपल्या तेव्हा त्यांना वाटलं, पोरगी बसली आता. मी मागे हात घातला आणि खिशातल्या काड्या ट्रंकेवर आपटल्या. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी श्वास रोखला नाही, डोळे मिचकावले नाहीत, हात मांडीवर सपाट ठेवले.

बाबांनी आपले पत्ते पाहिले. मला पाहिलं. पुन्हा पत्ते पाहिले. मग डाव सोडून ते पालथे घातले आणि गठ्ठ्यात मिसळून टाकले. "घे," म्हणाले. "जिंकली तू."

मी ओरडले. माझी राणी आणि कचरा त्यांच्यासमोर उघडा करून नाचले. आई हात पुसत बाहेर आली. बाबा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय बनवलं मला हिनं! काय बनवलं!" असं आईला सांगत राहिले. मग पेन्सिल शोधायला लागले, मोजायला.

"मी मोजते," मी म्हटलं. "आज मी जिंकले, आज मी मोजणार."

मी मोजल्या. एकोणपन्नास भरल्या. पुन्हा मोजल्या, एकोणपन्नास. चटईखाली गेली असेल, सकाळी झाडताना मिळेल, असं मनाशी म्हटलं. सांगितलं असतं तर बाबांनी सगळं घर उलटंपालटं केलं असतं आणि माझी जीत त्या धांदलीत बुडाली असती. आठ वर्षांनी मिळालेली जीत.

"पन्नास," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाले आणि पेन्सिल कानावर अडकवली.

खिशात टाकलेल्या पाचांपैकी चारच मी काढल्या होत्या आणि पाचवी खिशाच्या शिवणीत आडवी अडकून राहिली होती, हे मला सोमवारी दुपारी कळलं. बाबा बाराच्या सुमारास घरी आले, या वेळी ते कधीच येत नसत. सोबत फाटकावरचा एक माणूस होता, तो दारातूनच परत गेला. आईने विचारलं, काय झालं? बाबा खाटेवर बसले. खिशात काडी सापडली, म्हणाले.

"पण आली कुठून?" आईचा आवाज फाटला.

"काय माहीत. कुठून आली ते माह्या काही ध्यानात येऊन नाही राहिलं."

असं म्हणताना त्यांचा अंगठा करंगळीच्या नखावर फिरत होता. मी तो पाहिला. भीतीने फिरतोय असं मी धरून चालले, कारण तसं धरून चालणं माझ्या सोयीचं होतं. मी पुस्तकातल्यासारखी उभी राहिले, हात सपाट, चेहरा कोरा. आयुष्यात इतकं चांगलं मी पुन्हा कधी खेळले नाही.

चौकशी झाली. दिवसच तसे होते, साधी चूकसुद्धा घातपातासारखी दिसे. माझ्या हयगयीने राहिली, एवढंच बाबांनी लिहून दिलं, मुलीचं नाव नाही, खेळाचं नाव नाही. निकाल लागेपर्यंत त्यांना घरी बसवलं. आणि नेमक्या त्याच दिवसांत लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद लागले. कारखान्याचा भोंगा झाला की सगळ्या कॉलनीतल्या सायकली एकदम निघत आणि बाबा खाटेवर बसून त्यांचा आवाज ऐकत. पूर्वी रेडिओवर बातम्या लागल्या की ते काही न बोलता आईकडे पाहून एक भुवई उडवत, म्हणजे यातलं काही माझ्या हातून गेलंय. आता रेडिओ लागला की ते अंगणात जाऊन उभे राहत. लढाई जिंकल्याचं पेढे वाटून सांगायला शेजारचे आले, तेव्हा बाबांनी पेढा घेतला आणि हातात तसाच धरून ठेवला.

नोकरी वाचली. शिक्का गेला. त्यांना लाकडाच्या यार्डात पाठवलं, रिकाम्या पेट्यांच्या फळ्या मोजायला. तिथे झडती नव्हती.

यार्डात रुजू होण्याच्या सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर बाबा स्टोव्हपुढे उकिडवे बसलेले. हातात काडेपेटी. पहिली काडी मोडली, दुसरी विझली. त्यांना पेटवता येत नव्हती, सवयच नव्हती. तिसरी लागली. आई दारात पदर तोंडाला लावून उभी. "आता काय," ते वर न पाहता म्हणाले, "आता चालते." त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. मी चहा घेऊन कॉलेजला गेले.

पुढे ओमतीला जाऊन मी ते जाड पुस्तक आणलं. का आणलं, कोण जाणे, बहुधा स्वतःला मारून घ्यायला. पहिल्याच प्रकरणात होतं की प्रत्येकाने आपलं सगळं समोर, मेजावर, उघडं ठेवायचं. लपवलेलं मध्येच काढून लावणं ही युक्ती नाही, लबाडी आहे, तो डाव धरतच नाहीत. तीन महिने आधी हे वाचलं असतं तर! पण मला कोष्टकांचा कंटाळा आला होता ना. आमचे पत्ते तेव्हा ट्रंकेत गेले ते गेलेच.

मी सांगितलं ते फार उशिरा, बाबा रिटायर झाल्यावर. लग्न होऊन मी नागपूरला होते, माहेरपणाला आले होते. आई गेली होती, त्यामुळे संध्याकाळचा दिवा बाबाच लावत. त्यांनी दिवा लावला, काडी विझवली आणि मी म्हटलं, "बाबा, ती काडी मी ठेवली होती तुमच्या खिशात. आणि मोजल्या तेव्हा एकोणपन्नासच होत्या."

ते सावकाश पाटावर बसले. "मालूम आहे मला."

"केव्हापासून?"

"तू पन्नास म्हणाली तेव्हाच समजलं का पोरगी थाप मारून राहिली. मला वाटलं, मोडली असंल एखादी. म्हटलं, एवढी खूश आहे, आज काहून मोजायचं?" त्यांनी दिव्याची वात सारखी केली. "मोजणं माझं काम होतं, बेटा. मी नाही मोजलं. तुझी काही चूक नाही त्याच्यात."

मी रडत होते. त्यांनी रडू दिलं. मग एकदम माझ्या मनात आलं ते मी विचारलं. पन्नासची थाप त्यांना ऐकताक्षणी कळली होती, मग तिच्या आधीची, डावातली थाप कळली नसेल?

"बाबा, आणि तो डाव? तुम्ही पालथे घातले ते पत्ते काय होते?"

"काही नव्हतं," बाबा म्हणाले. "तू खरोखर जिंकली होती."

देवापुढच्या दिव्याच्या उजेडात मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. उजवा अंगठा करंगळीच्या नखावर हळूहळू फिरत होता.