सुनीलमामा राखीला का येत नाही

नांदुऱ्याहून पुण्याची गाडी पकडली तेव्हा माझ्या दोन्ही बॅगा सुनीलच्या खांद्यावर होत्या. माझ्या धाकट्या भावाचा हा मुलगा. भाऊ लवकर गेला, म्हणून तो आमच्याच घरात वाढला. गाडी हलली तरी खिडकीचा गज धरून तो बरोबर चालत होता. "आत्या, ताईले सांगजो, राखीले येतोच मी. जवारीचे बिबडे आणतो." तुमच्या आईला, माझ्या मृणालला, सख्खा भाऊ नाही. ती सुनीललाच राखी बांधायची.

नील, सई, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, सुनीलमामाचं नाव आता कुणी का काढत नाही. मला तेव्हा सांगता आलं नाही. आता तुम्ही कॉलेजात आहात, म्हणून क्रमाने लिहिते.

तुम्ही शाळेत होतात तेव्हा तुमची आई पुण्याच्या एका कॉलेजात राजकारणातल्या टोकाच्या गटांचा अभ्यास करायची. ती माणसं आपसांत काय बोलतात ते ऐकायचं, लिहून काढायचं, त्यावर निबंध लिहायचे. मी निवृत्त इंग्रजीची शिक्षिका. मला वाटलं होतं, संशोधन म्हणजे पुस्तकं, चहा आणि सेमिनार. पुण्यात येऊन पाहते तर माझी मुलगी दिवसभर हेडफोन लावून धमक्या ऐकत होती. जेवताना दाराकडे तोंड करून बसे. बेल वाजली की तुम्हा दोघांना आधी आतल्या खोलीत पाठवी. दारावरची नावाची पाटीही तिने काढून टाकली होती.

"रजा घे," मी म्हटलं.

"कॉलेजात काय सांगू? विषय मीच निवडला ना. आणि आई, सुरुवातीला हे ऐकून मला उलटी व्हायची. आता ऐकता ऐकता मी डबा खाते. मला त्याचीच भीती वाटते."

एका दुपारी तिचं टेबल आवरताना माझ्या हातून हेडफोनची वायर निघाली आणि खोलीत आवाज घुमला. बोलणारा आपल्या नांदुऱ्याकडचा होता. कुठल्या दुकानांतून काही घ्यायचं नाही, कुठल्या आळीतल्या पोरांचे हात मोडायचे, हे तो समजावून सांगत होता. ओरडत नव्हता. मला मोबाईल शिकवताना सुनील जितक्या मायेने बोले, तितक्याच मायेने बोलत होता.  मी खुर्चीत बसले, तेव्हा दारात मृणाल उभी होती.

"तुलाही तोच वाटतो ना?"

कित्येक महिने ती त्या गटाच्या क्लिपांमध्ये हा आवाज ऐकत होती, दुसऱ्या कुणाचा तरी असू दे म्हणत. मला पुण्याला बोलावलं ते हेच विचारायला, आणि मी आल्यावरही तिला विचारवलं नव्हतं. मी "हो" म्हटलं. त्या एका शब्दावर ती जशी रडली, तशी तुमचे आजोबा गेले तेव्हाही रडली नव्हती.

राखीला सुनील आला, बिबड्यांचा डबा घेऊन. पाटावर बसला, हात पुढे केला. मृणालने ताट घेतलं, निरांजन लावलं, आणि थांबली.

"सुनील, त्या क्लिपांमध्ये तू बोलतोस?"

मला वाटलं, तो नाही म्हणेल. त्याचा चेहरा उजळला! "काऊन वं ताई, तू बी ऐकून राह्यली? म्हंजे पुण्यापावतर पोचल्या!"

"मला झोप लागत नाही, सुनील."

"लय मनाले लावून घेतं तू. ते नुसतं बोलाचं असते."

मी म्हटलं, "तुझे शाळेचे सदरे करीमभाईनं शिवले. त्यांचं दुकान त्याच आळीत आहे."

"त्याइले थोडी म्हटलं, आत्या!"

"मंग कोणाले म्हटलं?" आयुष्यभर वर्गात जपलेली माझी शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

मृणालने ताट खाली ठेवलं. "ते बोलणं सोड आणि ये. त्या दिवशी बांधीन." तो माझ्या पाया पडला आणि निघून गेला.

पुढे तिने विषय सोडला, परदेशातलं काम घेतलं, तुम्हाला तिकडे नेलं. ती गाणीसुद्धा हेडफोनवर का ऐकत नाही, ते आता तुम्हाला कळेल.

मी नांदुऱ्याला परत आले. सुनील आता वेगळा राहतो, त्याचं घर माझ्या भिंतीला लागून आहे. संध्याकाळी तो ओसरीवर बसून मोबाईलवर क्लिपा रेकॉर्ड करतो आणि मला शब्द न शब्द ऐकू येतो. आधी मी दार लावून घेत असे. मग एकदा मेथीची जुडी घेतली आणि त्याच्याच ओसरीवर जाऊन बसले. आत्यासमोर त्याला तसं बोलवत नाही. मोबाईल उचलतो, परत ठेवतो. एवढी भीड उरली आहे, ती किती टिकेल ठाऊक नाही. मी नसले की तो बोलतोच.

तुमची आई म्हणते, तिथे एकटी कशाला राहतेस, इकडे ये. तुमच्यात राहायला मला फार आवडेल. पण माझं घर कुठलं असं आज विचाराल, तर ते म्हणजे ही दुसऱ्याची ओसरी. काल भाजी निवडून झाली तरी मी उठले नाही.

"आत्या, अजून किती बसाचं हाये?" सुनीलने विचारलं.

"तू झोपाले जाईपावतर," मी म्हटलं.