निहारचे एक्कावन्न टक्के

निहारबद्दल लिहायचं तर आधी कबूल करतो की या हकिकतीत वाईट वागलेला माणूस मी आहे. मी निशिकांत, मूळचा पुण्याचा, सिंगापुरात पाया लेबारला एका बँकेत नोकरीला.

निहार हिंगोलीकडचा. पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करायला सिंगापूरला आला, पीआर म्हणजे इथला कायमचा रहिवासी झाला, पण भारतीय पासपोर्ट सोडला नाही. बायको सरिता, मुलगी एकता, टॅम्पिनीसला भाड्याचा फ्लॅट. इथे सगळीकडे स्वतःचं नाव 'निहार वाय.' एवढंच लिहितो. बोलतो इतकं कमी की आमच्या मराठी ग्रुपवर त्याचा मेसेज आला तर लोक मुद्दाम उघडून वाचतात. पण कुणाच्या घरचं पाण्याचं मशीन बिघडलं की गडी पाना घेऊन हजर. माझी बायको अनघा नोव्हेनाला हॉस्पिटलात नऊ दिवस होती. नऊही दिवस हा लॅबमधून सुटून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, डबा घेऊन यायचा. मी आभार मानायला लागलो तर म्हणाला, "भाजीत मीठ बरोबर होतं का, तेवढं सांग. सरिता विचारतेय."

अशा माणसाकडे मी काय मागायला गेलो, ते ऐका.

माझा धाकटा भाऊ यशोधन पुण्याजवळ पाणी शुद्धीकरणाची यंत्रं बनवतो. भारतात सरकारी कंपन्यांना खरेदीतला काही वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ठेवावा लागतो. यशोधनला तो हवा होता. नवी कंपनी काढायची, एक्कावन्न टक्के भाग अशा कुणाच्या तरी नावावर दाखवायचा, त्याचा जातीचा दाखला जोडून नोंदणी करायची. कारभार अर्थात यशोधनचाच. हाच यशोधन कॉलेजात आरक्षणाविरुद्ध घसा फोडून भांडायचा आणि मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो.

"तिकडे तुझ्या ओळखीत आहे का रे कोणी?" त्याने फोनवर विचारलं.

"आहे ना," मी म्हणालो. विचार करायला क्षणभरही थांबलो नाही.

आठ वर्षांत निहारने मला त्याची जात कधी सांगितली नव्हती. मीही विचारली नव्हती. उलट दर दिवाळीच्या फराळाला मी कुणाला ना कुणाला ऐकवायचो, की आमच्याकडे जात-बित कोणी बघत नाही.

रविवारी सकाळी कागद घेऊन टॅम्पिनीसला गेलो. निहारचे वडील यादवराव दोन महिन्यांसाठी आलेले होते, एसटी डेपोतले निवृत्त मेकॅनिक. ते आत नातीबरोबर पत्ते खेळत होते. सरिताने चहा ठेवला. निहारने कागद पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले, आणि मी उगाचच चष्मा पुसत बसलो.

"निर्णय कोण घेणार?" त्याने विचारलं.

"तो ताप तुला कशाला? यशोधन बघेल. तुझी फक्त सही."

"म्हणजे मालक मी, आणि मला विचारणार कोणी नाही."

"अरे, कागदोपत्री सगळे असंच करतात," मी म्हणालो. म्हणताना मला स्वतःची लाज वाटली, तरी म्हणालो.

एवढ्यात यादवराव बाहेर आले. त्यांच्या कानावर कंपनी, मालक, एक्कावन्न टक्के, जातीचा दाखला एवढंच पडलं होतं.

"निहारची कंपनी? एकता, ऐकलंस का, तुझा बाप मालक होणार!"

"पप्पा बॉस आह? सो पॉवरफुल लाह!" आतून एकता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

"जातीचा दाखला लागतो का? थांबा." म्हातारा लगबगीने आत गेला आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. निहारचा मूळ दाखला ते हिंगोलीहून सिंगापूरपर्यंत बॅगेत कपड्यांच्या तळाशी ठेवून घेऊन आले होते. सरकार कधी काय मागेल, नेम नाही म्हणे. "पन्नास सालच्या आधीचा पुरावा आणा म्हणायचे. माझ्या बापाचं नाव शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडेपर्यंत तहसीलला खेटे घातले. दर खेपेला रजा टाकायची, दर खेपेला साहेब जेवायला गेलेला." त्यांनी शर्टाच्या टोकाने दाखला पुसून माझ्यापुढे ठेवला. "आज पोरगा मालक व्हायला कामाला आला बघा."

निहारने हातातल्या पेनाला टोपण लावलं. "निशिकांत, तूच सांग बाबांना."

मी सांगितलं. कंपनी माझ्या भावाची, निहारचं फक्त नाव. शब्द किती गोड करून वापरले तरी अर्थ तोच राहत होता. सरिता उठून स्वयंपाकघरात गेली.

यादवराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दाखला उचलला, घडीवर घडी बसवत पिशवीत ठेवला. मग अगदी साधेपणाने मला विचारलं, "निशिकांतराव, एक सांगा. निहार इथं कुणाला सांगत न्हाई. त्याचं नावबी मी मुद्दाम असं ठेवलं, कुणाला काही कळू नये म्हणून. मग तुम्हाला कसं कळालं?"

मला आठ वर्षांपूर्वीचा पहिला दिवस आठवला. ग्रुपमध्ये घ्यायचं म्हणून मी त्याला विचारलं होतं, "वाय. म्हणजे काय?" वडिलांचं नाव, तो म्हणाला. "आणि आडनाव?" त्याने सांगितलं. "गाव कुठलं? गावात घर कोणत्या बाजूला?" त्याने तेही सांगितलं. घरी येऊन मी अनघाला म्हणालो होतो, मला वाटलंच होतं. त्यानंतर कधी विचारायची गरजच पडली नव्हती.

यादवराव उत्तराची वाट बघत होते. मी पुन्हा चष्मा काढून पुसायला लागलो.

"मीच सांगितलं होतं, बाबा," निहार म्हणाला, आणि माझा गार झालेला चहा गरम करायला आत घेऊन गेला.