अर्ध्या वाट्याचा गोऱ्हा

"ताई, आईले गोऱ्ह्यानं मारलं. तू ये." आतेबहीण शीलाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत शाळेत शिकवायला निघत होते. अकोल्याच्या दवाखान्यात पोचले, तोवर पंचफुला आत्याला चादरीत गुंडाळून बाहेर आणलं होतं. चादरीवर पोटाजवळ मोठा तांबडा डाग... महिना उलटला, तरी डोळ्यांपुढून तो हलत नाही.

आत्याकडे जमीन नव्हती. तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात ती शेतकऱ्यांची वासरं बटईनं पोसायची. मालकानं वासरू द्यायचं, तिनं चारापाणी करून त्याला वाढवायचं, वेसण घालून औताला शिकवायचं. बैल विकला की अर्धा वाटा तिचा. लिहिणं नाही, सही नाही, सारं जबानीवर. एकदा गावातले मोठे शेतकरी दिगंबरभाऊ तयार झालेला गोऱ्हा ओढून न्यायला आले. "माह्या गायीचा हाय, तुहा वाटा कायचा?" आत्या गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. त्यांनी हातातली बैल हाकायची पराणी तिच्या डोक्यात घातली. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं. तिनं चाचपडत खुंटा उपटला आणि त्यांच्या गुडघ्यावर हाणला. ते पडले, तरी पुन्हा हाणला. भोवती माणसं जमली होती. मध्ये कोणी पडलं नाही. "आता बोला वाट्याचं," ती धापा टाकत म्हणाली. वाटा मिळाला. भाऊ मात्र कायमचे लंगडे झाले.

काही वर्षांनी तेच भाऊ लंगडत तिच्या दारी आले, सोबत एक तांबडं वासरू. "तुह्यावाणी कोणी पोसत नाही," खाली बघत म्हणाले. आत्यानं दावं हातात घेतलं. मी संतापले, "काहून घेतलंस?" तर म्हणाली, "वासरानं माहं काय केलं?"

त्याच वासराचा गोऱ्हा झाला. त्या सकाळी भाऊ तो बघायला आले आणि किती तापट आहे ते अजमावायला त्याला पराणी टोचली. गोऱ्हा उसळून त्यांच्यावर धावला. लंगड्या पायानं भाऊंना पळता येईना. आत्या मध्ये शिरली, वेसण धरायला गेली, आणि शिंग तिच्या पोटात घुसलं. भाऊंनी कुडाला टेकवलेली कुऱ्हाड उचलून गोऱ्ह्याच्या खांद्यात घातली. दुसरा घाव घालणार, तोच मातीत पडलेली आत्या बोलली... शीलानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. "मारू नका, भाऊ. अर्धा माहा हाय."

अकोल्याच्या वाटेवरच ती गेली.

परवा गावी गेले. भाऊंनी गोऱ्हा पुरता शीलाला देऊन टाकलाय. ते आता आत्याच्या गल्लीत येत नाहीत. शीला गोठ्यात गोऱ्ह्याच्या खांद्यावरच्या अजून ओल्या जखमेत हळद भरत होती. वरून बांधायला आत्याच्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडली होती. तिचा हात लागला की गोऱ्हा थरथरायचा.

"यानंच ना गं..." माझ्या तोंडून गेलं.

"हो," ती म्हणाली. पट्टीचं एक टोक तिनं माझ्या हातात दिलं. "धर. ढिली नको सोडू."


मी धरलं.