काचेवर राहिलेला खेळ

अकोटच्या पार्लरमधलं व्हिडिओ गेमचं जुनं मशीन मी अकोल्याला घरी आणलं. विहिरीत बुडून गेलेला माझा मोठा भाऊ त्यावरच खेळायचा. घरातला पहिला पदवीधर मी. मेकॅनिक न बोलावता मशीन सुरू केलं. पण वर्षानुवर्षं तोच खेळ चालल्यानं त्याच्या रेषा पिक्चर ट्यूबवर कायमच्या जळून बसल्या होत्या.

"बंद कर ना बाप्पा," आई म्हणाली.

"माय, वायर तं काढूनच ठेवली मी."

तिनं पदरानं काच पुसली. रेषा गेल्या नाहीत.

"नवी ट्यूब आणली, बदलून टाकतो."

"कावून? त्याचं तं तेवढंच राह्यलं घरात."

ट्यूब मी परत केली. आई आता मशीनसमोरच भाजी निवडते. मी तिकडे पाठ करून बसतो.